हात वर होईल काय ?

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासाचे ग्रंथ आम्ही हौसेनें वाचीत आलों आहों, आणि त्यांत एक उणीव आम्हांस नेहमीं जाणवत आली आहे. रोग प्रथम कोणीं ओळखिला, शस्त्र कोणीं चालविलें, रोगी टेबलावरून जिवंत उठला कीं नाहीं, येथपर्यंत ग्रंथकाराची लेखणी मोठ्या तपशिलानें चालते. रोगी उठला म्हणजे ती एकदम थांबते. जणुं काय पट्टी बांधली कीं इतिहास संपला ! ज्या बाईच्या अंगावर तें शस्त्र चाललें तिचा खरा इतिहास मात्र तेथूनच सुरू होतो. स्तनाच्या कर्करोगासंबंधानें तर हें विशेषच खरें आहे. ह्या रोगांत स्तनाबरोबर कांखेंतील गांठीहि काढण्याचा प्रघात पडला, आणि त्या काढल्याचा परिणाम छातीपेक्षां हातावर अधिक होतो.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष वळण्याचें निमित्त घरचेंच आहे. आमच्या एका चुलत आजीवर १९६८ सालीं ही शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली असें सर्वांनीं सांगितलें, व त्यांत खोटें कांहीं नव्हतें. आजी त्यानंतर एकोणीस वर्षें जगली. परंतु इस्पितळांतून घरीं पाठवितांना हाताविषयीं तिला एवढेंच सांगण्यांत आलें कीं, ‘उजवा हात जपा.’ आजीनें तो इतका जपला कीं सहा महिन्यांनीं तो खांद्याच्या वर जाईना. वेणीफणी सुनेकडे आली. फडताळांतील वरच्या फळीवरचे डबे खालीं उतरले. पुढें दोन वर्षांनीं हात सुजूं लागला, आणि मनगटांतली पाटली एके दिवशीं सोनाराला बोलावून कापवावी लागली. त्या वेळीं आजी जें बोलली तें आम्ही अद्याप विसरलों नाहीं : ‘गांठ गेली तें बरें झालें रे. पण हात वर होईल का, असें मीं विचारलें तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं.’ हा प्रश्न आजीपूर्वीं किती बायकांनीं विचारला असेल आणि त्याला उत्तर मिळावयास किती काळ लागला, हें पाहण्याचा आम्हीं पुढें यथाशक्ति प्रयत्न केला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम पॅरिस शहरीं जाऊं. फॅनी बर्नी ही इंग्रजी कादंबरीकर्त्री आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस निदान नांवानें ठाऊक असेल. १७५२ सालीं ती जन्मली. १७७८ सालीं ‘एव्हलिना’ ह्या कादंबरीनें प्रसिद्धीस आली. कांहीं वर्षें तिनें इंग्लंडच्या राणीच्या पदरीं कंटाळवाणी चाकरी केली. आणि १७९३ सालीं दार्ब्ले नांवाच्या एका निर्वासित फ्रेंच सेनाधिकाऱ्याशीं लग्न लावलें. १८०२ सालीं ती नवऱ्याच्या देशीं गेली, आणि नेपोलियनच्या लढायांमुळें दहा वर्षें तेथेंच अडकून पडली. १८१० च्या ऑगस्ट महिन्यांत तिच्या उजव्या स्तनांत दुखूं लागलें. वर्षभर औषधोपचार झाले. शेवटीं नेपोलियनच्या सैन्यांतील नामांकित शस्त्रवैद्य लारे ह्यानें, डोळ्यांत पाणी आणून, शस्त्रावांचून गत्यंतर नाहीं असें सांगितलें.

३० सप्टेंबर १८११ रोजीं दुपारीं राहत्या घरींच ही शस्त्रक्रिया झाली. नवऱ्याला हें दृश्य पाहावें लागूं नये म्हणून बर्नीनेंच त्यास युक्तीनें कामावर गुंतवून ठेविलें होतें. बैठकीच्या खोलींत गेली तों टेबलावर पट्ट्या, स्पंज आणि कापसाच्या घड्या मांडलेल्या तिला दिसल्या. थोड्या वेळानें काळ्या पोषाखांतील सात पुरुष न विचारतां आंत शिरले. दोन जुन्या गाद्या आणि एक जुनी चादर मागविण्यांत आली. ‘जुनी’ कां, हें तिला तत्काळ समजलें. एक परिचारिका सोडून बाकीच्या पळून गेल्या. भूल नाहीं, दारूचें एक औषधी पेय, बस्स. तोंडावर झिरझिरीत रुमाल टाकला, पण त्यांतून आजूबाजूस उभे असलेले वैद्य दिसत होते, पोलादाची चकाकी दिसत होती. आपला स्तन कोण धरील, असें लारेनें विचारलें. तेव्हां ‘मी धरीन’ असें तिनें रुमालाआडून उत्तर दिलें. शस्त्रक्रिया वीस मिनिटें चालली. संपल्यावर तिनें डोळे उघडून पाहिलें तों लारेचाच चेहरा प्रेतासारखा पांढरा पडला होता आणि त्यावर रक्ताचे शिंतोडे होते.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. पॅरिसमध्यें हा प्रकार होण्याच्या सात वर्षें आधीं, १८०४ सालीं, जपानांत हानाओका सेइशू नांवाच्या वैद्यानें वनस्पतींपासून केलेलें औषध पाजून एका साठ वर्षांच्या बाईस पूर्ण बेशुद्ध केलें, आणि तिच्या स्तनांतील कर्करोगाची गांठ काढली होती. परंतु जपानचीं दारें तेव्हां परक्यांस बहुतेक बंद होतीं, आणि ती वार्ता युरोपास कळली नाहीं. असो.

हें सर्व आपणांस कळतें तें बर्नीनें आपल्या बहिणीस लिहिलेल्या पत्रावरून. शस्त्रक्रियेचे ग्रंथ शस्त्रवैद्य लिहितात. टेबलावर निजलेल्या माणसानें लिहिलेला असा वृत्तांत त्या काळांतला क्वचितच सांपडतो. पण आमच्या दृष्टीनें पत्रांतील वीस मिनिटांपेक्षां त्या मागचे नऊ महिने अधिक बोलके आहेत. पत्रास तिनें आरंभ केला तो १८१२ च्या मार्चमध्यें, म्हणजे जखम भरून कित्येक महिने लोटल्यावर. आणि तें संपलें जूनमध्यें. मध्यंतरीं लिहितां लिहितां तिचें मस्तक दुखूं लागे आणि पत्र बाजूस पडे. लिहून झालेला मजकूर पुन्हां वाचण्याचें धैर्य तिला झालें नाहीं. कित्येक महिने त्या प्रसंगाविषयीं बोलतांना तोच प्रसंग आपल्यावर फिरून गुदरत आहे असें तिला होई. जखम भरणें आणि माणूस बरें होणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणें तिच्यापूर्वीं कोणीं लिहून ठेविल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. बर्नी पुढें १८४० सालच्या जानेवारींत, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं वारली. शस्त्रक्रियेनंतर ती अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगली म्हणून तो खरोखर कर्करोगच होता काय, अशी शंका हल्लींचे कांहीं वैद्य घेतात. त्या शंकेंत तथ्य असेलहि. तिच्या यातना मात्र त्यानें कमी होत नाहींत.

१८४६ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं ईथरची भूल जाहीरपणें देण्यांत आली, आणि १८६७ सालीं लिस्टरनें कारबॉलिक आम्लानें जखमा निर्जंतुक ठेवण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं लिस्टरनें ग्लासगो येथें स्वतःच्या घरीं स्वतःच्या बहिणीचा कर्करोगग्रस्त स्तन कांखेंतील गांठींसह काढला. इतरांनीं त्यास नको म्हटलें होतें. बहीण त्यानंतर सुमारें तीन वर्षें जगली. वेदना गेली, जखम सडण्याची भीति कमी झाली. आतां शस्त्रवैद्याचा हात मोकळा झाला, आणि तो कोठें थांबावा हा प्रश्न उभा राहिला.

ह्या ठिकाणीं कांखेंतील गांठींविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. आपल्या शरीरांत रक्तवाहिन्यांप्रमाणेंच दुसरे एक सूक्ष्म जाळें आहे. पेशींच्या भोंवतीं झिरपलेलें पाणी, ज्यास लसिका म्हणतात तें, ह्या जाळ्यांतून वाहत वाहत फिरून रक्तांत येतें. वाटेंत ठिकठिकाणीं घेवड्याच्या दाण्याएवढ्या गांठी असतात. त्यांत तें गाळलें जातें. हाताची आणि स्तनाची लसिका बहुतेक कांखेंतील गांठींतून जाते. स्तनांतील कर्करोग बाहेर पडला म्हणजे बहुधा प्रथम येथेंच सांपडतो. फ्रान्समधील पेती ह्या शस्त्रवैद्यानें अठराव्या शतकांतच ह्या गांठी चाचपून काढाव्या असें सांगून ठेविलें होतें. परंतु मळ्यांतील चाऱ्या बुजविल्या म्हणजे पाटाचें पाणी वाफ्यांत जसें तुंबतें, तसें गांठी काढल्यावर हाताचें पाणी हातांतच तुंबूं शकतें. रोगाची वाट आणि हाताची वाट एकच आहे, ही ह्या सर्व इतिहासांतील मुख्य अडचण होय.

ही अडचण अमेरिकेंतील विल्यम हॉल्स्टेड ह्यानें एका घावानें सोडविली. निदान त्यास तसें वाटलें. कर्करोग स्तनांतून बाहेर पायरीपायरीनें, लसिकेच्या वाटेनें पसरतो; तेव्हां स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायु आणि कांखेंतील सर्व गांठी एकसंध काढल्या म्हणजे रोगाची पाळेंमुळें उपटलीं जातील, असा त्याचा सिद्धांत होता. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स इस्पितळांत केलेल्या पन्नास शस्त्रक्रियांचा वृत्तांत त्यानें १८९४ सालीं प्रसिद्ध केला. त्या पन्नासांपैकीं फक्त तिघींच्या बाबतींत रोग त्याच जागीं उलटला होता. युरोपांतील मोठमोठ्या शस्त्रवैद्यांकडे हें प्रमाण निम्म्याहून अधिक असे. हॉल्स्टेडचें नांव जगभर झालें, आणि पुढें पाऊणशें वर्षें त्याची शस्त्रक्रिया हाच धर्म झाला.

हॉल्स्टेडला सरसकट निर्दय म्हणणें अन्यायाचें होईल. शस्त्रक्रियेच्या वेळीं मदत करणाऱ्या एका परिचारिकेचे हात जंतुनाशक औषधानें सोलवटले, तेव्हां त्यानेंच तिच्यासाठीं पातळ रबराचे हातमोजे करवून घेतले. शस्त्रक्रियागृहांत हातमोजे रूढ होण्यास ही एक गोष्ट कारण झाली. त्या परिचारिकेशीं त्यानें १८९० सालीं लग्नहि केलें. एका स्त्रीच्या हातांची इतकी काळजी वाहणाऱ्या ह्याच गृहस्थानें, १८९४ च्या लेखांत मात्र, आपल्या रोग्यांच्या हातांविषयीं जें लिहिलें तें वाचून आम्ही क्षणभर थबकलों. जिवापुढें हाताच्या अधूपणाची मातब्बरी काय, असें सांगून तो पुढें म्हणतो कीं, शिवाय ह्या बायका म्हाताऱ्या असतात. त्यांचें सरासरी वय पंचावन्नाच्या आसपास असतें. समाजांत त्यांचें फारसें काम उरलेलें नसतें! पहिलें विधान आम्हांस मान्य आहे; जीव आणि हात ह्यांत निवड करावयाची झाली तर कोणीहि जीवच निवडील. दुसऱ्या विधानानें मात्र शास्त्रज्ञाच्या डगल्याआडचा पुरुष उघडा पडतो. पंचावन्न वर्षांची बाई घरांत काय काय उचलते, वाटते, मळते आणि कोणाकोणाला कडेवर घेते, हें त्यानें आपल्या स्वयंपाकघरांत डोकावून पाहिलें असतें तरी त्यास कळलें असतें.

तथापि त्याच्या प्रामाणिकपणाची साक्षहि नोंदविली पाहिजे. १९२१ सालीं, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीं, त्यानें एक लेख लिहिला तो ह्याच शस्त्रक्रियेनंतर सुजणाऱ्या हाताविषयीं. ह्या सुजेस त्यानें हत्तीरोगाचें नांव दिलें आणि त्यास शस्त्रजन्य असें विशेषण लाविलें. जखमेंत जंतु शिरल्यामुळें हात सुजतो असा त्याचा तर्क होता. तो अर्धाच बरोबर होता, पण व्याधीस शस्त्र कारण आहे एवढें त्यानें स्वतःच्या लेखणीनें कबूल केलें. कबुली आली, शस्त्रक्रिया मात्र होती तशीच राहिली.

मधल्या काळांत लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळांत जेफ्री केन्स नांवाच्या शस्त्रवैद्यानें स्तन व स्नायु न काढतां रेडियमच्या सुया टोंचून उपचार करून पाहिले, व त्याचे परिणाम १९३७ सालीं प्रसिद्ध केले. हा केन्स म्हणजे प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञाचा धाकटा भाऊ. आणि वाङ्मयप्रेमी वाचकांस सांगावयास हरकत नाहीं कीं, ब्लेक कवीच्या ग्रंथांचा साक्षेपी संपादकहि तोच. त्याच्या रोग्यांस फार मोठ्या शस्त्रक्रियेशिवायहि गुण आला. पण व्यवसायबंधूंनीं त्याच्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. मुंबईस परळ येथें टाटा स्मारक इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें तेव्हांहि जगांत सर्वत्र हॉल्स्टेडचेंच राज्य चालूं होतें. आमच्या आजीची शस्त्रक्रिया ही त्याच राज्यांतली.

हाताचा प्रश्न मोठ्यानें विचारण्याचें काम शेवटीं एका रोगी बाईनेंच केलें. टेरीझ लासर ही न्यूयॉर्कमधील गृहिणी. तिचा नवरा प्राप्तिकर कसा भरावा हें सांगणाऱ्या एका खपाऊ पुस्तकाचा कर्ता होता. म्हणजे घर सुखवस्तु, पण वैद्यकाशीं संबंध नाहीं. १९५२ सालीं तिच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. हाताचें काय करूं, कपडे कोणते घालूं, नवऱ्यास व मुलांस काय सांगूं, हे प्रश्न तिनें विचारले आणि तिला समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं. तेव्हां तिनें स्वतःच हात हळूहळू वर नेण्याचे व्यायाम ठरविले व केले. आणि बरी झाल्यावर एक विलक्षण उद्योग आरंभिला. ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे अशा बायकांच्या खाटेशीं ती जाऊं लागली. बरोबर दाबण्यासाठीं एक रबरी चेंडू, ओढण्यासाठीं एक दोरी आणि चोळीच्या आंत ठेवावयाची एक तात्पुरती गादी. भिंतीसमोर उभें राहून बोटें मुंगीसारखीं वर वर चढवावयाचीं, आणि रोज एक बोटभर उंच जावयाचें ! आपला हात डोक्यावर नेऊन ती दाखवी, आणि म्हणे कीं माझीहि हीच शस्त्रक्रिया झाली आहे.

पुष्कळ शस्त्रवैद्यांस हा आगाऊपणा वाटला. ज्या बाईस शरीरशास्त्राचें एक अक्षर येत नाहीं तिनें आमच्या रोग्यांस हात हलविण्यास सांगावें हें त्यांस रुचेना. वैद्यांची बाजू सर्वस्वीं पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं; जखम कच्ची असतां हात ताणला तर आंत पाणी सांचतें हें खरें आहे. पण मग कधीं हलवावा, किती हलवावा, हें सांगण्याचें काम त्यांचेंच होतें, आणि तें त्यांनीं केलें नव्हतें. १९६९ सालीं अमेरिकेच्या कर्करोग संस्थेनें लासरबाईंचें कार्य आपल्या पंखाखालीं घेतलें, आणि पुढें तें अनेक देशांत पसरलें. १९७४ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड हिनें आपली शस्त्रक्रिया लपवून न ठेवतां जाहीर केली, तेव्हां ज्या रोगाचें नांव चारचौघींत निघत नसे तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला.

इकडे हॉल्स्टेडच्या सिद्धांतासहि हादरे बसत होते. पिट्सबर्ग येथील बर्नार्ड फिशर ह्यानें १९७१ सालीं एक मोठा प्रयोग सुरू केला. त्यांत १६६५ बायकांनीं भाग घेतला. ज्यांच्या कांखेंत गांठी हातास लागत नव्हत्या अशा १०७९ बायकांची, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, तीन गटांत वांटणी केली : कांहींवर हॉल्स्टेडची पूर्ण शस्त्रक्रिया, कांहींचा स्तन काढून कांखेवर किरणोपचार, आणि कांहींचा केवळ स्तन काढून कांखेस हातच लावावयाचा नाहीं. पंचवीस वर्षें वाट पाहून २००२ सालीं हिशेब मांडला, तों तिन्ही गटांच्या आयुर्मानांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाहीं. कांखेंतील गांठी हा रोगाच्या वाटेवरचा तट नव्हे, तर रोग कोठवर गेला हें दाखविणारी खूण आहे, असें ह्यावरून दिसून आलें. आपली शस्त्रक्रिया कोणती व्हावी हें चिठ्ठीवर सोडण्यास ज्या बायका तयार झाल्या त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. आम्हांस त्या फिशरइतक्याच थोर वाटतात.

मिलान येथें उंबेर्तो व्हेरोनेसी ह्यानें १९७३ ते १९८० पर्यंत ७०१ बायकांवर असाच प्रयोग करून, गांठ लहान असेल तर स्तन राखूनहि रोगी तितकाच जगतो हें सिद्ध केलें. ह्या शोधाचा गाजावाजा पुष्कळ झाला व तो योग्यच होता. परंतु त्यांत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेंतून सुटते. मिलानच्या दोन्ही गटांत कांख मात्र पूर्वींप्रमाणेंच साफ केलेली होती ! स्तन वांचला, हात वांचला नाहीं. पुढील औषध कोणतें द्यावें हें कांखेंतील किती गांठींत रोग आहे त्यावर ठरे, म्हणून निव्वळ मोजणीसाठीं सगळ्या गांठी काढीत. सर्व जगाचें लक्ष स्तनाकडे होतें. कांख कोणाला दिसतच नव्हती.

ती दिसली १९९० नंतर. स्तनांतून निघालेली लसिका कांखेंतील एका-दोन ठराविक गांठींत प्रथम पोंचते. तेव्हां गांठीजवळ रंग किंवा अल्पसें किरणोत्सर्गी द्रव्य टोंचून तें प्रथम कोठें जातें हें पाहावें, आणि तेवढीच पहारेकरी गांठ काढून तपासावी, ही ती युक्ति. त्वचेच्या काळ्या कर्करोगांत मॉर्टन ह्यानें ती १९९२ सालीं दाखविली. क्रॅग ह्यानें १९९३ सालीं व ज्युलियानो ह्यानें १९९४ सालीं ती स्तनाच्या कर्करोगास लाविली. पहारेकरी निर्दोष असेल तर बाकीच्या गांठींस धक्का लावण्याचें कारण उरत नाहीं. २०११ सालीं ज्युलियानोच्याच प्रयोगानें असेंहि दाखविलें कीं, स्तन राखून पुढें किरणोपचार व औषधें घेणाऱ्या कित्येक बायकांत, एक-दोन पहारेकरी गांठींत रोग सांपडला तरी, सारी कांख रिकामी करून आयुष्य वाढत नाहीं. २०१३ सालीं अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून मांडलेला हिशेब असा आहे : कांखेंतील गांठी साफ केलेल्या शंभर बायकांपैकीं सुमारें वीस जणींचा हात सुजतो, पहारेकरी गांठ तेवढी काढली तर पांच-सहा जणींचा. हॉल्स्टेडनें जिवाच्या पारड्यापुढें हाताचें पारडें ठेविलें होतें. पुष्कळ बायकांच्या बाबतींत अशी तुलना करण्याची गरजच नव्हती, हें कळण्यास शंभर वर्षें लागलीं.

ज्यांच्या सर्व गांठी काढणें आजहि भाग पडतें, त्यांच्या हाताविषयींचा समजहि ह्याच काळांत उलटला. ‘जड उचलूं नका, हात जपा,’ हा उपदेश आमच्या आजीस झाला तसाच जगभर होत होता. १९९६ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें डॉन मॅकेंझी ह्या वैद्यानें ही शस्त्रक्रिया झालेल्या चोवीस बायका जमविल्या, आणि त्यांस चिनी पद्धतीची लांबट होडी वल्हवावयास लाविलें. वल्हें मारण्याइतकें हातास कष्टाचें काम दुसरें कोणतें ? हात सुजतील अशी सर्वांची अपेक्षा. पण तसें घडलें नाहीं. आज अनेक देशांत अशा बायकांच्या होड्या शर्यतींत उतरतात. पुढें २००९ सालीं अमेरिकेंत कॅथरिन श्मिट्झ हिनें हात आधींच सुजलेल्या १४१ बायकांवर प्रयोग केला. त्यांतील निम्म्या बायकांस देखरेखीखालीं, अगदीं हलक्यापासून क्रमाक्रमानें, वजनें उचलावयास दिलीं. सूज वाढली तर नाहींच, उलट ती एकाएकीं बळावण्याचे प्रसंग कमी झाले. स्नायु हलले म्हणजे तेच लसिकेस वर ढकलतात. आजीनें हात झोळींत ठेवून जपला तेव्हां तिच्या हाताचा हा रहाट बंद पडला होता.

आतां शस्त्रक्रियेनंतरचे दिवस कसे जातात हें थोडें विस्तारानें सांगतों, कारण घरांत असा प्रसंग आला म्हणजे ह्या बारीकसारीक गोष्टींनींच माणसें घाबरतात. जखमेंतून एक बारीक नळी बाहेर काढून तिला एक डबी जोडलेली असते. आंत सांचणारें पाणी तींत उतरतें. पहिल्या दिवसांत तें लालसर, मग पिंवळट होतें, आणि रोज मोजून पुरेसें कमी झालें म्हणजे, बहुधा आठ-पंधरा दिवसांत, नळी काढतात. नंतरहि कधीं कधीं कातडीखालीं पाणी जमून फुगवटा येतो. तो रोग उलटला असें समजूं नये. दंडाची आंतली बाजू बधिर होते किंवा कपडा लागला तरी चरचरते. तेथून जाणारी संवेदनेची एक नस कांखेंतूनच येते. ती बधिरता कांहींची जाते, कांहींची राहते. कित्येकींच्या कांखेंतून कोपरापर्यंत, क्वचित् मनगटापर्यंतहि, कातडीखालीं तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ दोरी लागते आणि हात ओढल्यासारखा होतो. हिचें वर्णन जुन्या ग्रंथांत फारसें सांपडत नाहीं. बायका मात्र ती नेमकी दाखवीत असत. व्यायामानें व मालिशीनें ही दोरी बहुधा कांहीं आठवड्यांत सुटते. बोटें, मनगट व कोपर पहिल्या दिवसापासून हलवावें. खांद्याच्या वर हात नेण्याची घाई नळी निघेपर्यंत करूं नये. मग मात्र रोज वर न्यावा. हात जड वाटूं लागला, अंगठी किंवा बांगडी रुतूं लागली, तर सूज डोळ्यांस दिसण्याची वाट न पाहतां दाखवावें, कारण आरंभीं ती घट्ट बाहीनें व पट्ट्यांनीं पुष्कळ आटोक्यांत येते. हात लाल होऊन तापला तर त्याच दिवशीं वैद्याकडे जावें.

आपल्याकडची अडचण थोडी निराळी आहे. पहारेकरी गांठ शोधावयास किरणोत्सर्गी द्रव्य व तें टिपणारें यंत्र लागतें, आणि तीं मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाहींत. ह्याकरितां टाटा स्मारक इस्पितळांतील शस्त्रवैद्यांनीं कांखेच्या खालच्या भागांतील थोड्याच गांठी काढून तपासण्याची साधी रीत पारखून पाहिली, आणि ती पहारेकरी गांठीच्या रीतीस पर्याय म्हणून चालण्याजोगी आहे असें २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. यंत्र नसेल तेथेंहि हात वांचविण्याचा हा एक मार्ग झाला. व्यायाम शिकविण्यास तर यंत्र मुळींच लागत नाहीं. एक भिंत आणि समजावून सांगणारें एक माणूस पुरतें. तें माणूस मात्र तालुक्याच्या गांवीं अजून दुर्मिळ आहे.

गेल्या वर्षीं आमच्या शेजारच्या काकूंवर हीच शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही भेटावयास गेलों तेव्हां व्यायाम शिकविणारी एक तरुण मुलगी त्यांच्या खाटेशीं बसली होती. काकूंनीं तिला विचारलें, ‘हात वर होईल ना ग ?’ ती म्हणाली, ‘आज कपाळापर्यंत, काकू. कोपर अंगाशीं ठेवून, कुंकू लावण्यापुरता. अंबाड्याचें नळी निघाल्यावर पाहूं.’